उंसांतील ठिपकेदार पिल्लें : वाघाटी कीं बिबट्या ?

चाकण-खेडच्या बाजूस उंसाची तोड सुरू झाली म्हणजे फडांत ठिपक्यांचीं पिल्लें सांपडतात, आणि लागलीच ‘बिबट्या, बिबट्या’ अशी हाकाटी होते. कित्येकदां तीं वाघाटीचीं असतात. वाघाटी पूर्ण वाढली तरी एक-दीड किलोच भरते, घरच्या मांजरीहूनही लहान. आणि शेतांतील उंदीर खाऊन ती आमचें काम हलकें करते.

वाघाटीच्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर डोळ्यांपासून वर गेलेले पांढरे पट्टे, आणि शेपटीवर ठिपके बहुधा नसतात. बछड्याचे ठिपके काळसर व दाट, शेपटीवरही असतात. पंजे अंगाच्या मानानें थोराड. नुसत्या आकारावर मात्र भिस्त ठेवूं नये. बछडें जन्मतःच सुमारें अर्ध्या किलोचें असतें, पण त्याचे डोळे मिटलेले असतात. वाघाटीचें पिल्लूं जन्मतः शंभर ग्रॅमही भरत नाहीं. अर्धा किलो होईपर्यंत तें डोळे उघडून पळूं लागतें. बाऊल, म्हणजे रानमांजर, मोठेपणीं ठिपक्यांवांचून असल्यानें घोटाळा होत नाहीं.

ओळख पटो वा न पटो, पिल्लूं उचलून घरीं नेऊं नये, अशी आमची कळकळीची विनंति आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें दोन्ही जाती पहिल्या अनुसूचींत आहेत. शिवाय पिल्लें न सांपडलेली बिबट्याची मादी चवताळून त्याच शिवारांत घुटमळते, आणि धोका तोडकऱ्यांस होतो. त्या बाजूची तोड थांबवून वनखात्यास कळवावें. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची मंडळी पिल्लें सायंकाळीं त्याच जागीं ठेवतात. रात्रीं आई येऊन तीं बहुधा घेऊन जाते.