संधिवातपीडित कर्मचाऱ्याची खुर्ची

जानुसंधिगत वाताच्या रुग्णास आपण स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती सांगतो. उकिडवे बसू नये, जिने टाळावेत, असा उपदेशही करतो. परंतु तो कार्यालयात आठ तास कशावर बसतो, ही पृच्छा क्वचितच होते. निदानपरिवर्जनास अग्रस्थान देणाऱ्या शास्त्राच्या उपासकांस ही उपेक्षा शोभत नाही.

औषधालयचालकांचा तर येथे प्रत्यक्ष संबंध येतो. काष्ठौषधींची नावे, भाव आणि फडताळातील जागा मुखोद्गत असलेला जुना कारकून केवळ उठता-बसता येईना म्हणून घरी बसला, तर त्याची उणीव सहज भरून निघत नाही.

'एर्गोनॉमिक' म्हणून विकली जाणारी प्रत्येक खुर्ची अशा कर्मचाऱ्यास हितकर असते, हे आम्हांस मान्य नाही. गुडघ्याच्या रुग्णास बसण्यापेक्षा उठणे कठीण जाते. आसन जितके सखल, तितका उठताना गुडघ्यावर भार अधिक. म्हणून पाऊल जमिनीवर सपाट टेकावे आणि मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहावी, इतकी उंची घ्यावी. आसनाची कड व पोटरी यांत दोन-तीन बोटे अंतर असावे. गादी टणक हवी; रुतणारी गादी सुखद वाटते, पण उठू देत नाही. खुर्चीला भक्कम हात अवश्य असावेत. चाके मात्र आम्ही नकोच म्हणू. उठताना खुर्ची मागे सरकली तर रुग्ण पडतो.

आमवातात मनगटे व बोटेही सुजतात. तेथे तळहातावर भार देणे अशक्य. कोपरापासूनचा हात टेकेल असे रुंद, मऊ आच्छादनाचे हात पाहावेत. उंची बदलण्याची कळ बोटांना जड जाते काय, हे रुग्णाकडूनच वापरून पाहावे.

महाग खुर्ची घेतलीच पाहिजे असे नाही. जुन्या लाकडी हातखुर्चीच्या पायांना सुताराकडून ठोकळे पक्के बसवून घेतले, तरी पुष्कळदा कार्यभाग साधतो. मात्र खुर्ची उंचावली की मेजही तपासावे. अन्यथा गुडघा सुटतो आणि मान धरते. विक्रीच्या उंच फळीमागील स्टुलावर पाय लोंबकळत असतील, तर पायाखाली पाट द्यावा. दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे केरळने २०१८ मध्ये व तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

उत्तम खुर्चीवरही अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. आमवाताचा ताठरपणा सकाळी अधिक असतो, म्हणून नव्या खुर्चीची परीक्षा काम सुरू होतानाच घ्यावी आणि सायंकाळी पुन्हा विचारावे.