पकडीचा जोर मोजताना...
उतारवयात स्नायूंची झीज वेळीच ओळखण्यासाठी हाताच्या पकडीचा जोर डायनामोमीटरने मोजला जातो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८, तर स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी जोर हे क्षीणतेचे लक्षण होय. मात्र हा आकडा केवळ स्नायूंवर ठरत नाही. मनगट आत वाकले की बोटे मिटणारे स्नायू आखडतात आणि पकड सैलावते. कोपराच्या स्थितीनेही फरक पडतो. म्हणूनच जामर यंत्रावर बसून, कोपर ९० अंशांत वाकवून, तर स्प्रिंगच्या स्मेडली यंत्रावर उभे राहून, हात सरळ ठेवून चाचणी घेण्याची शिफारस त्याच गटाने केली आहे. सीमारेषेवरील ज्येष्ठांचे निदान एवढ्याशा फरकानेही चुकू शकते. त्यामुळे आकड्यासोबत शरीराच्या स्थितीचीही नोंद ठेवावी आणि पुढील चाचणी त्याच स्थितीत घ्यावी, हे श्रेयस्कर.