धुळे, धुये, धुले

चाळीसगावच्या फलाटावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "भाऊ, धुयानी गाडी हाईच शे का?" मी उत्तर देण्याआधीच पलीकडचा परप्रांतीय विद्यार्थी म्हणाला, "हां, धुले यही जाएगी." माझ्या तिकिटावर स्थानकाचा संकेत छापलेला होता : डीएचआय. मिनिटभरात एकाच गावाची तीन रूपं कानांवर आणि डोळ्यांपुढे आली, आणि माझ्या मनातलं धुळे ते चौथं.

संकेतातला तो 'आय' आजच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेच नाही. तो 'धुलिया'तून उरला आहे. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि आखीव रस्त्यांची पेठ वसवली. सरकारी कागदांत गाव 'धुलिया' झालं. 1900 मध्ये चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला, तोही 'धुलिया'चाच. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे महाराष्ट्र राज्य आलं. तरी 1974 च्या इंग्रजी जिल्हा गॅझेटियरवर नाव 'धुलिया'च होतं. नंतर स्पेलिंग सुधारलं, संकेत मात्र तसाच राहिला.

परक्या कानांनी आपली गावं टिपण्याची गोष्ट याहून जुनी आहे. 17व्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरला खानदेशातूनच गेला. त्याच्या प्रवासवर्णनात नवापूर 'नावापुरा' आहे, नंदुरबार 'नासरबार', थाळनेर 'तालनेर' आणि चोपडा 'शूप्र'. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्यापुढे नकाशा नव्हता, नियम नव्हता. ऐकलं तसं लिहिलं. चूक झाली ती कानाची.

इंग्रजांच्या राज्यात आरंभी असाच गोंधळ होता. खानदेशाचं स्पेलिंग 'सी'ने सुरू होई. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम विल्सन हंटर यांनी लिप्यंतराची पद्धत लावून दिली आणि नावांना शिस्त आली. पण त्या शिस्तीत 'ळ'ला जागा मिळाली नाही. विद्वानांच्या लेखनात 'एल'खाली टिंब देऊन 'ळ' दाखवतात. टपाल, रेल्वे आणि नकाशांच्या इंग्रजीत ते टिंब आलंच नाही. म्हणून इंग्रजीवरून हिंदीत जाताना धुळ्याचं धुले होतं, जळगावचं जलगाँव आणि भुसावळचं भुसावल.

एका टिंबाने काय बिघडतं? गाळ आणि गाल यांत जे बिघडतं तेच.

जपानी नावांची व्यथा नेमकी हीच आहे. अमेरिकन मिशनरी डॉक्टर जेम्स हेपबर्न यांनी 1867 मध्ये जपानी-इंग्रजी कोश काढला. जपानी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची रूढ पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. जपानीत स्वराची लांबी फार मोलाची : 'ओजिसान' म्हणजे काका, 'ओजीसान' म्हणजे आजोबा. पण रोजच्या इंग्रजीत रेघ गळते. मूळ उच्चार साधारण 'तोओक्योओ' असलेल्या राजधानीचे दोन्ही दीर्घ 'ओ' आखूड होतात, आणि इंग्रज माणूस 'टो-कि-यो' असे तीन तुकडे पाडतो.

आणि आपण? आपणही 'टोकियो'च लिहितो. जपानी उच्चार मराठी 'त'च्या जवळचा. 'त' आपल्याकडे आहे, 'क्यो' आहे, दीर्घ स्वर आहेत. तरी आपण ते नाव इंग्रजीच्या दारातून आत घेतलं. क्योतोचं 'क्योटो' केलं तेही असंच. धुले म्हणणाऱ्याला बोल लावण्याआधी हे कबूल केलं पाहिजे.

मग आजीबाईंचं 'धुये'? तिथेही 'ळ' नाहीच. पण त्यांच्या अहिराणी बोलीत डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते, जळगावचं जयगाव होतं. हा त्या बोलीचा स्वतःचा नियम आहे, पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर घोळलेला. धुये ऐकून आलं, धुले वाचून आलं. पहिलं भाषेचं जगणं आहे, दुसरं तुटलेल्या लिपीने केलेलं नुकसान.

हा फरक धुळ्याला कुणी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी इथेच देह ठेवला. दुसऱ्या वर्षी उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांची दप्तरं जपली, 1942 मध्ये त्यांचा नामादिशब्दव्युत्पत्तिकोश छापला. गावाचं नाव हा राजवाड्यांना इतिहासाचा पुरावा वाटे. ताम्रपट पुसू नये, तसा नावातला ध्वनीही पुसू नये.

उपाय अवघड नाही. नकाशा करणाऱ्याने आणि बातमी लिहिणाऱ्याने गावाचं नाव गावच्या भाषेतून घ्यावं, इंग्रजीच्या उष्ट्यातून नव्हे. आपण तोक्यो लिहू लागलो, तर धुळे मागण्याचा हक्क आपल्याला अधिक शोभेल.

गाडीत त्या मुलाला मी म्हटलं, "जीभ जरा मागे वळव, टाळूला लाव आणि सोड." दोनदा 'धुले' झालं, तिसऱ्यांदा 'ळ' उमटला. आजीबाई शेंगा सोलता सोलता ऐकत होत्या. त्यांनी मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या.