‘फायनल समजा’ म्हणजे ऑर्डर नव्हे!

मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं द्यायचं ते पाहिलं. आज त्याच्या पुढची गोष्ट. इथेच जास्त पैसे बुडतात.

समजा, ताई, तुमचा फराळाचा व्यवसाय आहे. एका कंपनीतून फोन येतो, दिवाळीला 500 बॉक्स हवेत. तुम्ही 450 रुपये दर सांगता. समोरचे साहेब म्हणतात, “420 ला करा, फायनल समजा, पीओ पाठवतो.” तुम्ही म्हणता, “बघते सर, जमवू.” आणि आनंदात कंपनीचं नाव छापलेले 500 बॉक्स करून आणता. आठ दिवसांनी मेसेज येतो, “यंदा बजेट नाही.” बॉक्सवर नाव छापलेलं, दुसऱ्याला खपणारही नाहीत!

राग येणारच. पण सौदा झाला होता कुठे? भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 7 म्हणतं, होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. तुमच्या 450 वर त्यांनी 420 म्हटलं, म्हणजे तो होकार नाही, नवा प्रस्ताव झाला. त्यावर तुमचं “जमवू” हाही होकार नाही. शिवाय बॉक्समध्ये चिवडा किती, चकल्या किती, माल कधी द्यायचा, काहीच ठरलं नव्हतं. कलम 29 नुसार अर्थ निश्चित करता येत नाही असा करार निरर्थक ठरतो.

तोंडी करार चालत नाही असं मात्र नाही. चालतो, पण सिद्ध करताना तुमचाच घाम निघतो.

आता उलटी बाजू. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटचा सौदा 2007 मध्ये ईमेलवर ठरला होता, सह्या केलेला कागद नव्हता. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, महत्त्वाच्या अटी ठरल्यात, करार झालाय. म्हणजे व्हॉट्सॲपवर सगळं ठरल्यावर ‘ओके’ टाकताना तुम्हीही सांभाळा. नंतर शेंगदाणे महागले म्हणून मागे फिरता येणार नाही.

फोन ठेवला की लगेच असा मेसेज टाका:

“500 बॉक्स, दर 420 अधिक जीएसटी, बॉक्समधला माल सोबतच्या यादीप्रमाणे, डिलिव्हरी धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी, 50 टक्के ॲडव्हान्स. लेखी होकार आणि ॲडव्हान्स आल्यावरच ऑर्डर पक्की; त्याआधी दोघांवरही बंधन नाही.”

ॲडव्हान्स खात्यात दिसला की मगच छपाईवाल्याला फोन करा.