पाट दिला, पण दर ठरला का?

कुडाळ - गणेशचतुर्थीपूर्वी सिंधुदुर्गातील घराघरांतून गणेशचित्रशाळेत पाट पोहोचतो आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. अनेक घराण्यांचा मूर्तिकार पिढ्यान् पिढ्या ठरलेला असल्याने पाट देताना दर विचारण्याचा संकोच वाटतो. मात्र माती, रंग वा मजुरी मध्येच महागली, की हाच संकोच मूर्ती नेण्याच्या दिवशी वादाचे कारण ठरतो. त्या वेळी यजमानाला दुसरी मूर्ती मिळणे कठीण आणि त्याच्या पाटावरील मूर्ती इतरांना देणे मूर्तिकारालाही अवघड.

यासाठी पाट स्वीकारतानाच उंची, रंगकाम व दर वहीत नोंदवावेत आणि आगाऊ रकमेची पावती द्यावी. दरवाढ मातीकामापूर्वी कळविल्यास उंची कमी करता येते. रंगकामापूर्वी कळविल्यास सजावट साधी ठेवता येते. उलट, यजमानानेच मागाहून दागिने वाढविल्यास जादा रक्कम देणे त्याचे कर्तव्य ठरते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसारही ठरलेला व्यवहार बदलण्यास उभयपक्षी संमती लागते.

दर आधी बोलल्याने श्रद्धा उणावत नाही. पुढील वर्षी पाट त्याच शाळेत येतो.