माजघरातला वानरवीर

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब माहीमला गेलो. मुंबईकरांनी लगेच दादरशेजारचे माहीम डोळ्यांसमोर आणू नये. हे पालघरकडचे केळवे-माहीम! पानवेलींच्या वाड्यांचे, महिकावती देवीचे आणि 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याचे. अशा गावी मुलाने अंगणात मातीचा किल्ला करावा, एवढीच माझी अपेक्षा होती. पण आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव माजघरात टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. पुतण्याने माळ्यावरून जुने प्लेस्टेशन काढून दिले होते आणि पडद्यावर तुंबळ हाणामारी चालली होती.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. उपदेश हा आमचा जोडधंदाच! मी म्हणालो, "अरे, सणासुदीला दुसऱ्याला बडवण्यात कसला आनंद?"

उत्तर आले नाही. खरे सांगायचे तर, वर्षभरात आम्हा बापलेकांचे बोलणे "अभ्यास झाला का?" आणि "हो" एवढ्यावर येऊन ठेपले होते. ती हाणामारी मला खुपत नव्हती, तेवढा तो अबोला खुपत होता.

तेवढ्यात आई फराळाचे ताट घेऊन आली. पडद्यावर शेपटीवाला एक पोरगा काठी फिरवत होता. आईने चष्मा सावरला आणि म्हणाली, "अगोबाई, हा तर मारुतीच की! गदेऐवजी काठी घेतलीय इतकंच."

"आजी, तो गोकू आहे!" चिरंजीव खो खो हसले. मी मात्र हसलो नाही. म्हातारीचा नेम अगदी जवळ लागला होता.

सोळाव्या शतकात चीनमध्ये 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी झाली. तिच्यात धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या एका भिक्षूच्या सोबतीला सुन वुकाँग नावाचा वानर आहे. तो ढगावर बसून उडतो आणि त्याची काठी हवी तेवढी लांब होते. त्याच्याच नावाचा जपानी उच्चार म्हणजे सोन गोकू! अकिरा तोरियामा या चित्रकाराने हा वानर उचलून त्याचा शेपटीवाला पोरगा केला आणि 1984 ते 1995 अशी अकरा वर्षे 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा चालवली. तीही, वाचकहो, एका साप्ताहिकातून! पुढे तिचे चित्रपट झाले, टीव्हीवरच्या मालिका झाल्या. आपल्याकडे गोकू हिंदीतून बोलू लागला. सुन वुकाँगचे मूळ आपल्या हनुमंतात आहे, असे काही विद्वान म्हणतात. काहींना ते मान्य नाही. विद्वानांचे एकमत झाले, तर ते विद्वान कसले?

हे मी सांगू लागलो आणि चिरंजीवांनी चक्क खेळ थांबवला! मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. या कथेवरचा 'बुडोकाई' हा खेळ 2002 साली निघाला. 'बुडोकाई' म्हणजे मल्लविद्येचा फड. 2005 पासून 'बुडोकाई तेनकाइची' ही नवी मालिका सुरू झाली. आमच्या माजघरातला खेळ तिच्यातला तिसरा, 2007 सालचा. त्याच्या पुढचा भाग यायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. तो निघाला तेव्हा त्यात 182 योद्धे होते. तो पाहायला तोरियामा मात्र उरले नाहीत. त्याच वर्षी 1 मार्चला, अडुसष्टाव्या वर्षी ते गेले. हे सांगताना मुलाचा आवाज किंचित उतरला. घरातले कोणी गेल्यासारखा.

"बाबा, तो भिक्षू खरंच होता?"

होता तर! कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावरून घेतला, तो ह्युएनत्संग इ. स. 641 च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. इथली माणसे मानी आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. सूड घ्यायचा तरी ती शत्रूला आधी इशारा देतात, मगच शस्त्र उचलतात. आणि शरण आलेल्याला ठार मारीत नाहीत.

चिरंजीव ताडकन उठून बसले. "बाबा, गोष्टीतल्या बुडोकाईचा नियमही असाच आहे! समोरच्याने हार मानली की कुस्ती संपली. आणि जीव घेतला, तर घेणाराच बाद. गोकू तर हरलेल्या शत्रूलाही सोडून देतो."

मी निरुत्तर झालो. ज्या खेळाला मी नुसती हाणामारी म्हणत होतो, त्याच्या नायकाची नीती माझ्या मुलाला पाठ होती. मी मात्र कधी शेजारी बसून विचारले नव्हते.

तासन् तास पडद्यासमोर बसावे, असे माझे आजही मत नाही. पण त्या संध्याकाळी मी दुसरा कंट्रोलर हातात घेतला आणि पाच वेळा सपाटून हरलो. सहाव्या वेळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, हार माना. मी मारणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही दोघांनी मिळून किल्ला केला. दरवाजावर मावळे उभे केले. बुरुजावर कोण असावे, हे आईने ठरवले. तिने देव्हाऱ्याजवळचा मातीचा मारुती आणून दिला. चिरंजीवांनी त्याच्या हातात उदबत्तीची एक काडी दिली.