मुंबईतील वारसावास्तूंच्या पाडकामाविषयीचे नियम

मुंबई शहर व उपनगरांतील ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय किंवा सांस्कृतिक महत्त्वाच्या इमारती पाडण्यावर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत लागू असलेल्या वारसा नियमांनी निर्बंध घातले आहेत. हे नियम १९९५ साली विकास नियंत्रण नियमावली १९९१ मधील नियम ६७ म्हणून अस्तित्वात आले. अशा प्रकारची नियमावली लागू करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर होय. सध्या ही तरतूद विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील नियम ५२ मध्ये समाविष्ट आहे.

पार्श्वभूमी

प्राचीन स्मारकांना केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या अधिनियमाने संरक्षण मिळते. मात्र वापरात असलेली कार्यालये, बाजार, चाळी, बंगले व वसाहती सहसा या अधिनियमांच्या कक्षेबाहेर राहतात. ही उणीव नगररचनेच्या कायद्याने भरून काढली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेच्या व्याख्येत अस्तित्वातील इमारत किंवा तिचा भाग पाडणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे पाडकाम ही मालकाची खासगी बाब न राहता पूर्वपरवानगीची बाब ठरते.

श्रेणी

सूचीतील वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी केली जाते.

श्रेणी १ : राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. बळकटीकरणासारख्या अत्यावश्यक कामाखेरीज त्यांच्या आत वा बाहेर बदल करता येत नाहीत. उदा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.

श्रेणी २ : प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. यांचे २अ व २ब असे उपविभाग आहेत. मूळ वैशिष्ट्यांना बाधा न आणता अंतर्गत बदल व नवा वापर यांना मुभा मिळू शकते.

श्रेणी ३ : नगरदृश्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू. इमारत कमकुवत, धोकादायक किंवा आगीसारख्या अपघाताने बाधित झाली असल्यास पुनर्बांधणीस परवानगी मिळू शकते. प्रत्यक्ष पाडकामाचा प्रश्न म्हणूनच या श्रेणीत अधिक वेळा उद्भवतो.

परवानगीची पद्धत

सूचीतील इमारत अंशतः किंवा पूर्णतः पाडण्यासाठी महानगरपालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. आयुक्त मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. १९९५ च्या नियमांनुसार, पाडकाम किंवा मोठे फेरबदल यांना परवानगी देण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती व सूचना मागवून त्यांचा विचार करणे समितीवर बंधनकारक करण्यात आले. समितीचे स्वरूप सल्लागाराचे असले, तरी तिचा सल्ला डावलायचा झाल्यास आयुक्तांना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार ते अन्य अधिकाऱ्याकडे सोपवू शकत नाहीत. बांधकामाचे हक्क वापरता न आल्याने मालकाचे होणारे नुकसान हस्तांतरणीय विकास हक्कांच्या, म्हणजेच टीडीआरच्या, रूपाने भरून देण्याची तरतूद आहे. विनापरवाना पाडकामास १९६६ च्या अधिनियमातील दंडात्मक तरतुदी लागू होतात.

धोकादायक इमारती

वारसा नियमांची खरी कसोटी जीर्ण इमारतींच्या बाबतीत लागते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ अन्वये कोसळण्याचा धोका असलेली इमारत रिकामी करण्याची, दुरुस्त करण्याची वा पाडण्याची नोटीस देता येते. रहिवाशांचा जीव वाचवणे व वास्तू जपणे ही दोन्ही कर्तव्ये अशा वेळी परस्परांसमोर उभी राहतात. दुरुस्ती वर्षानुवर्षे रखडली, तर संरक्षित वास्तूही अखेरीस पाडकामाच्या उंबरठ्यावर येते.

काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, हे याचे ठळक उदाहरण आहे. १८६० च्या दशकात उभारलेल्या या ओतीव लोखंडाच्या सांगाड्याच्या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. श्रेणी २अ मध्ये असूनही ती मोडकळीस आली आणि २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या संरचनात्मक अहवालाने पाडकाम सुचवले, तर संवर्धन क्षेत्रातील तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर गेले आणि रहिवाशांना इमारत रिकामी करावी लागली.

आक्षेप

सूचीत समावेश झाल्याने पुनर्विकास अडतो, दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि त्याचा भार रहिवाशांवर पडतो, असा आक्षेप घेतला जातो. २०१२ मध्ये प्रस्तावित वाढीव सूचीला शिवाजी पार्क परिसरातील अनेक रहिवाशांनी याच कारणास्तव विरोध केला. संवर्धनाच्या समर्थकांच्या मते, एकदा पाडलेली मूळ वास्तू पुन्हा मिळत नाही. म्हणून पाडकामापूर्वी जाहीर सुनावणी व लेखी कारणे या किमान अटी कायम राहायला हव्यात.